वोदोचा : नाव डोळ्यांवरून नव्हे, पाण्यावरून

उत्तर मॅसेडोनियात स्त्रुमित्साजवळच्या वोदोचा गावाबद्दल पिढ्यान्‌पिढ्या एकच कथा सांगितली जाते. १०१४ मध्ये बायझंटाईन सम्राट दुसऱ्या बॅसिलने बल्गेरियन सम्राट सॅम्युइलच्या कैद झालेल्या सैनिकांचे डोळे इथे काढले, म्हणून 'वादि ओचि' (डोळे काढतो) यावरून गावाला वोदोचा नाव पडलं, अशी ती कथा.

डोळे काढल्याची हकिकत जुनीच आहे. अकराव्या शतकातला इतिहासकार स्कायलिट्झेस कैद्यांचा आकडा सुमारे १५,००० देतो. दर शंभरांमागे एकाचा एक डोळा शाबूत ठेवला, म्हणजे तो बाकीच्यांना घरी नेईल. पण ही शिक्षा वोदोचात झाली असं तो कुठेही लिहीत नाही. लढाई झाली ती क्ल्यूचच्या खिंडीत, आजच्या बल्गेरियाच्या हद्दीत.

खरी अडचण उच्चाराची आहे. 'वादि'मधला 'आ' मॅसेडोनियन भाषेत सहजासहजी 'ओ' होत नाही. उलट 'वोदा' म्हणजे पाणी, आणि 'वोद-' हे अंग गावाच्या नावात जसंच्या तसं आहे. गावाजवळून नदी वाहते, वर धरणही आहे. ग्रीसमधल्या एडेसा या धबधब्यांच्या शहराचं स्लाव्ह नाव वोदेन, तेही पाण्यावरूनच. स्त्रुमित्साच्याच खोऱ्यातलं मोक्रिनो पाहा: 'मोकर' म्हणजे ओलं.

गावाचं नाव तपासताना आधी ओस्मानी (ऑटोमन तुर्क) महसूल-नोंदींतलं जुनं रूप शोधावं, मग प्रत्यय सोडवावा. '-ओवो', '-एवो' बहुधा मालकाचं नाव सांगतात. दंतकथा सर्वांत शेवटी.