माशांबद्दल तर बोलायलाच नको

तारकर्लीला माझ्या मामाच्या चार खोल्या आहेत, पर्यटकांसाठी. मामी जेवण बघते, लोक दोन-तीन दिवस राहतात आणि घरी गेल्यावर मोबाईलवर रिव्ह्यू टाकतात. दिवाळीत गेलो होतो तेव्हा मामाने फोनच हातात दिला, म्हणाला सगळं वाच आणि सांग लोक खूश आहेत की नाही. मी पडलो कॉम्प्युटरवाला, म्हटलं वाचायचं कशाला, मशीनला देऊ. त्यावर मामा, "लोकांच्या मनातला मशिनीक कसा काय कळतला रे?"

बरोबर नेमका प्रश्न विचारला त्याने. या कामाला सेंटिमेंट अ‍ॅनालिसिस म्हणतात. लिहिलेल्या मजकुरावरून माणूस खूश आहे, वैतागलाय की अधेमधे आहे ते ओळखायचं, बास एवढंच.

सगळ्यात सोपा उपाय म्हणजे शब्दांची यादी. छान, मस्त, ताजं याला प्लस एक, घाण, महाग, नाही याला मायनस एक, आणि मारायची बेरीज. मी तेच करून बघितलं आणि पहिल्याच रिव्ह्यूला तोंडघशी पडलो. "एसी नाही, टीव्ही नाही, मोबाईलला रेंज नाही, तीन दिवस कोणाचा फोन नाही." मशीनच्या हिशोबाने माणूस भयंकर चिडलेला, प्रत्यक्षात पाच स्टार. (आणि "भयंकर" तरी कुठे सरळ शब्द आहे, भयंकर आवडलं असंही म्हणतोच की आपण.)

यादी हाताने करत बसायला नको म्हणून २००२ साली कॅनडातले संशोधक पीटर टर्नी यांनी मस्त शक्कल लढवली. एखादे शब्द "एक्सलंट"च्या आसपास जास्त सापडतात की "पुअर"च्या, हे त्यांनी तेव्हाच्या अल्टाव्हिस्टा सर्च इंजिनलाच विचारलं, आसपास म्हणजे दहा शब्दांच्या आत. ४१० रिव्ह्यूंवर सरासरी ७४ टक्के उत्तरं बरोबर आली, पण गाड्यांवर ८४ आणि सिनेमांवर फक्त ६६. कारण गाडीचे पार्ट चांगले तर गाडी चांगली, सिनेमात मात्र व्हिलन जितका नालायक तितका सिनेमा भारी असंही होतं.

त्याच वर्षी बो पँग, लिलियन ली आणि शिवकुमार वैद्यनाथन यांनी यादीऐवजी मशीनला सिनेमांचे चांगले-वाईट रिव्ह्यू दाखवून शिकवलं आणि आकडा ८३ टक्क्यांच्या आसपास नेला. त्यात एक छोटी युक्ती होती, "नॉट" दिसला की तिथपासून पुढच्या विरामचिन्हापर्यंतच्या सगळ्या शब्दांना "उलटा" असा शिक्का मारायचा. इंग्रजीत चालतं ते, तिथे नकार बहुतेक आधी येतो. आपल्याकडे? "जेवण काही वाईट नव्हतं." नकार शेवटी! म्हणजे मराठीत मशीनने मागे वळून शिक्के मारत यायला पाहिजे, आणि किती मागे हेही कळायला पाहिजे, कारण लोक पूर्णविराम देतातच असं नाही, एकाने तर बांगड्यापासून बाथरूमपर्यंत सगळं एका दमात लिहिलंय.

वर शब्दांची रूपं. चांगला, चांगली, चांगलं, चांगल्यापैकी, मशीनला हे सगळे वेगळे शब्द दिसतात, मुळाशी नेऊन जोडावे लागतात. त्यात कोणी मालवणीत लिहिलं की कल्याणच. "मेल्या, सोलकढी काय ती!" यात मशीनला मयत दिसतं, आम्हाला प्रेम.

"मासे एक नंबर, गादी पातळ" याला तर एकच मार्क देणंच चुकीचं. म्हणून हल्ली जेवण, खोली, माणसं असे मुद्दे सुटे करून प्रत्येकाचा सूर वेगळा काढतात. मामाला खरं तर तेच हवंय, गादी बदलायची की मसाला. अर्थात "तिखट होतं" ही तक्रार की कौतुक, ते पाहुणा कुठला त्यावर.

२०१८ मध्ये गूगलचं बर्ट नावाचं भाषेचं मॉडेल आलं, ते शब्दाच्या दोन्ही बाजूंचं वाचून अर्थ लावतं, त्यामुळे शेवटी येणारा "नाही" त्याला बराच झेपतो. पण शिकायला मराठी उदाहरणं पाहिजेत, माणसांनी चांगलं-वाईट असे शिक्के मारलेली. पुण्याच्या एलथ्रीक्यूब या संशोधकांच्या गटाने २०२१ मध्ये सुमारे १६,००० मराठी ट्वीट्सचा महासेंट नावाचा साठा खुला केला, मोठंच काम आहे ते, फक्त ते ट्वीट्स महाराष्ट्रातल्या नामवंतांचे. त्यावर शिकलेल्या मशीनने तिरफळ कुठून चाखावं!

शेवटी एक रिव्ह्यू राहिलाच. "माशांबद्दल तर बोलायलाच नको." एवढंच, स्टार तीन. मशीन म्हणालं वाईट, मी म्हटलं कौतुक असणार, मामी म्हणाली त्या दिवशी सुरमई जरा शिळी होती. मामाने कोणाचंच ऐकलं नाही, बुकिंगची वही काढली, नावावर बोट ठेवलं आणि म्हणाला, "तो मे महिन्यात परत येतलो."