कोल्हापुरात कार्बन डायऑक्साइडचा मीटर कमी का दाखवतो?

जगाच्या हवेत आज कार्बन डायऑक्साइड साधारण 425 पीपीएम आहे, म्हणजे हवेच्या दहा लाख रेणूंमागे सव्वाचारशे. समजा, रंकाळ्याच्या काठावर साध्या मीटरने 400 दाखवले. म्हणून कोल्हापूरची हवा जगापेक्षा चांगली ठरत नाही. आपले शहर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर आहे आणि इथे हवेचा दाब सुमारे 6 टक्के कमी असतो. मीटरच्या नळीतून अवरक्त किरण जातात, त्यातले किती शोषले गेले यावरून वायू मोजला जातो. दाब कमी असला की नळीत रेणूच कमी मावतात, आणि दाबाची दुरुस्ती न करणारा मीटर प्रमाणच घटले असे समजतो.

पावसाळ्यात वेगळाच घोटाळा. आषाढ-श्रावणातल्या दमट हवेत शंभरातले जवळजवळ तीन रेणू पाण्याच्या वाफेचे असतात. वाफेने जागा व्यापली की बाकी सगळ्या वायूंचा वाटा तेवढा उतरतो. 425 चे 412 होतात, प्रत्यक्षात कार्बन डायऑक्साइड कुठेही गेलेला नसताना. शिवाय वाफ स्वतःही अवरक्त किरण शोषते. म्हणून शास्त्रज्ञ हवा आधी कोरडी करून घेतात, किंवा वाफ मोजून कोरड्या हवेचा आकडा काढतात. तसे केले नसेल तर मे आणि जुलैच्या आकड्यांची तुलना करण्यात मला काहीच अर्थ वाटत नाही.

वाहनांच्या धुरातल्या नायट्रोजन डायऑक्साइडचे गणित आणखी नाजूक. त्याची भारतातली 24 तासांची मर्यादा घनमीटरला 80 मायक्रोग्रॅम, म्हणजे अब्ज रेणूंत जेमतेम 42. नेहमीच्या यंत्रात तापवलेले मॉलिब्डेनम (एक धातू) त्याचे नायट्रिक ऑक्साइड करते आणि मग ते मोजले जाते. पण मॉलिब्डेनम नायट्रिक आम्लाच्या वाफेचेही तेच करते, त्यामुळे आकडा फुगतो.

आणि यंत्राला शिकवणारा, म्हणजे ठाऊक प्रमाणाचा वायू भरलेला सिलिंडर? त्यातल्या वायूचे प्रमाणच 2 टक्के अनिश्चित असेल, तर 425 वर साडेआठ पीपीएमची शंका राहते. कार्बन डायऑक्साइड वर्षाला वाढतो अडीच पीपीएमच्या आसपास. ही वाढ नीट टिपता यावी म्हणून जागतिक हवामान संघटनेने उत्तर गोलार्धातल्या केंद्रांच्या मोजमापांत 0.1 पीपीएमपर्यंत मेळ असावा असे उद्दिष्ट ठेवले आहे. कोल्हापुरात असे केंद्र उभारायचे झाले, तर यंत्राच्या खरेदीआधी जागतिक मोजपट्टीशी जुळवलेल्या सिलिंडरांची तजवीज करावी लागेल.