भावनांविषयीच्या धारणा आणि आनंद

माणूस किती आनंदी असतो हे परिस्थितीवर ठरते, तसेच स्वतःची कुवत आणि स्वतःच्या भावना यांविषयी त्याने मनाशी काय धरले आहे, यावरही ठरते.

‘हे काम मला जमेल’ या विश्वासाची मांडणी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बँडुरा यांनी १९७७ मध्ये केली. सापाला कमालीचे घाबरणाऱ्यांना त्यांच्या प्रयोगांत पायरीपायरीने पुढे नेले जाई : साप बघायचा, हात लावायचा, शेवटी मांडीवर घ्यायचा. नुसत्या धीराच्या शब्दांपेक्षा स्वतः करून पाहिल्याने विश्वास अधिक पक्का होतो, हे त्यातून दिसले. आत्मसन्मान, म्हणजे स्वतःविषयीचे एकंदर मत, ही वेगळी गोष्ट. आनंदाशी त्याचे नाते घट्ट आहे. पण आत्मसन्मानामुळे आनंद लाभतो की आनंदी माणसाला स्वतःविषयी बरे वाटते, याचा उलगडा रॉय बाउमाइस्टर व सहकाऱ्यांनी २००३ मध्ये घेतलेल्या आढाव्यातही झाला नाही.

भावनांच्या बाबतीत ‘मला जमेल’ हाच विश्वास आत, स्वतःच्या मनाकडे वळतो. माया तमिर व सहकाऱ्यांनी २००७ मध्ये महाविद्यालयात नव्याने दाखल झालेल्या विद्यार्थ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. भावना बदलता येत नाहीत असे मानणाऱ्यांना त्या आवरण्याचा भरवसाही कमी होता आणि वर्षाअखेरीस त्यांच्यात खिन्नतेची लक्षणे जास्त आढळली.

मग सतत आनंदी राहण्याचा चंगच बांधावा का? आयरिस मॉस यांच्या २०११ च्या प्रयोगात आनंदाचे महत्त्व ठसवणारा मजकूर वाचलेल्या स्त्रियांना आनंदी चित्रफीत पाहताना इतरांपेक्षा कमी आनंद झाला. अपेक्षा वाढली आणि पदरी निराशा आली. उलट, दुःख किंवा राग आल्याबद्दल स्वतःला दोष न देणाऱ्यांचे मानसिक स्वास्थ्य चांगले असते, असे ब्रेट फोर्ड व सहकाऱ्यांना २०१८ मध्ये आढळले. या निष्कर्षांत वरवर विसंगती दिसते, पण ती खरी नाही. भावना बदलता येते हे ठाऊक असणे वेगळे, आणि ती आत्ताच बदललीच पाहिजे असा हट्ट वेगळा. आपल्याला हे पेलेल असा भरवसा असलेल्या माणसाला दुःखाची तेवढी धास्ती वाटत नाही, म्हणून ते मान्य करणेही त्याला सोपे जात असावे.

भावना चेहऱ्यावर न दाखवण्याचे परिणाम मात्र संस्कृतीनुसार बदलतात. २०११ च्या एका तुलनेत युरोपीय वंशाच्या अमेरिकनांमध्ये या सवयीचा संबंध मानसिक अस्वास्थ्याशी दिसला, हाँगकाँगच्या चिनी लोकांत दिसला नाही.