काटा हलत नाही म्हणून वैतागलेल्या ताईसाठी थोडं गणित

माझी मावसबहीण मेलबर्नला असते, मी तिला ताई म्हणते. तिने 2012 मध्ये वजन कमी करण्यासाठी पोटाला बँड बसवून घेतला, म्हणजे जठराच्या वरच्या टोकाला सिलिकॉनची रिंग. तेव्हा वजन 110 किलो, उंची 165 सेंटिमीटर. पहिल्या सहा महिन्यांत 11 किलो गेले आणि रोज फोनवर नुसता आनंदीआनंद, ही साडी होतेय, तो ड्रेस सैल झाला. पुढच्या सहा महिन्यांत फक्त चार. मग एक महिना असा आला की काटा 200 ग्रॅम वर गेला, आणि रात्री साडेअकराला (तिच्याकडे पहाट, झोपच नव्हती आली तिला) फोन, "अगं माझा बँड बिघडलाय बहुतेक, सगळे पैसे पाण्यात."

बँड बिघडला नव्हता. तो जसा चालायला हवा तसाच चालला होता, फक्त हे तिला आधी कुणी नीट सांगितलं नव्हतं, किंवा सांगितलं असेल पण ऑपरेशनच्या आधी कोण ऐकतं. तेव्हापासून मी या विषयावर बरंच वाचलंय.

आधी ही वस्तू काय आहे ते. मऊ सिलिकॉनचा पट्टा, त्याच्या आतल्या बाजूला फुगा, त्या फुग्याला जोडलेली बारीक नळी आणि नळीच्या दुसऱ्या टोकाला कातडीखाली शिवलेलं एक छोटं बटण, त्याला पोर्ट म्हणतात. डॉक्टर बाहेरून सुईने पोर्टमध्ये सलाईन सोडतात, फुगा फुगतो, रिंग आवळते. सलाईन काढलं की सैल. याला ताईच्या भाषेत "फिल". असा कमीजास्त करता येणारा बँड 1980 च्या दशकात पुढे आला, अमेरिकेत लुबोमिर कुझमाक या सर्जननी त्यावर बरंच काम केलं, आणि 1993 मध्ये बेल्जियममध्ये मितिकु बेलाच्यू यांनी तो पहिल्यांदा दुर्बिणीतून बसवला (हे मूळचे इथिओपियाचे). अमेरिकेत 2001 मध्ये परवानगी मिळाली. पण बँडवरचा सगळ्यात भरघोस अभ्यास झाला तो मेलबर्नमध्ये, मोनॅश विद्यापीठात, पॉल ओब्रायन आणि जॉन डिक्सन यांच्या टीमकडून. म्हणजे ताई अगदी बँडच्या माहेरघरातच राहत होती म्हणा ना.

आता सगळ्यांचा गैरसमज. लोकांना वाटतं की रिंगमुळे वर एक इवलीशी पिशवी होते, ती चार घासात भरते, जागाच नसते म्हणून माणूस कमी खातो. मलाही तसंच वाटायचं. पण मेलबर्नच्या टीमने अन्न बँडमधून खाली कसं जातं हे प्रत्यक्ष मोजलं तेव्हा दिसलं की बँड नीट लागलेला असेल तर अन्न वर साचून राहतच नाही. एक घास गिळला की अन्ननलिका तो दोन-चार वेळा दाबून दाबून रिंगमधून खाली ढकलते, त्याला मिनिटभर लागतं. त्या प्रत्येक दाबाने जठराच्या वरच्या भागातल्या मज्जातंतूंची टोकं चाळवली जातात, आणि तिथून मेंदूकडे जाणाऱ्या व्हेगस नर्व्हवरून निरोप जातो की बास, पोट भरलं. म्हणजे बँड हा दरवाजा अडवणारा रखवालदार नाहीये, तो मेंदूला फोन करणारा माणूस आहे. 2005 मध्ये त्यांनी एक छान प्रयोग केला, बँडमधलं सलाईन काढलं किंवा ठेवलं पण पेशंटला सांगितलं नाही, आणि ज्या दिवशी सलाईन आत होतं त्या दिवशी लोकांना भूक कमी लागली, अगदी सकाळी उपाशीपोटी सुद्धा!

आपल्याकडे आजी म्हणायची एक घास बत्तीस वेळा चावा. बँडवाल्यांना डॉक्टर जवळपास तेच सांगतात, छोटा घास, नीट चावणं, आणि दोन घासांच्या मधे मिनिटभर थांबणं. घाईने खाल्लं तर पहिला घास खाली जायच्या आधी दुसरा येऊन वर बसतो, आणि छातीत जे काही होतं ते ताईने मला एकदा सांगितलं, परत नको म्हणाली. ताजी मऊ पोळी आणि भात यांचा गोळा होतो, तो जास्त अडकतो.

तर बँडचं काम भूक थोडी कमी करणं एवढंच. आतड्याची वाट बदललेली नाही, पोट कापलेलं नाही. पोटाच्या बायपासमध्ये, म्हणजे जठर लहान करून आतड्याची वाट बदलतात त्यात, पहिल्या वर्षात धाडधाड वजन उतरतं, बँडमध्ये आठवड्याला अर्धा ते एक किलो असंच धरून चालतात, आणि खरी घट दोन-तीन वर्षांत पसरलेली असते. त्यातही सुरुवातीचा एक काळ फार वाईट, कारण ऑपरेशननंतर साधारण महिना-दीड महिना फिल करतच नाहीत, जखम भरू देतात. सुरुवातीचं पातळ खाणं संपतं, सूज उतरते, भूक परत येते आणि बँड मात्र अजून सैल. मग दर फिलला अर्धा-एक मिलिलिटर असं करत करत योग्य जागा सापडायला काही महिने जातात. या काळात वजन थांबलं की माणूस स्वतःला शिव्या देतो. अरे बाबा, यंत्र अजून चालूच झालेलं नाही!

आता गणित. आपण सगळे शिकलोय की एक किलो चरबी म्हणजे साधारण 7700 कॅलरी. तर समजा ताईने रोज 480 कॅलरी कमी खाल्ल्या, साधारण चार-पाच पोळ्या धरा. 480 गुणिले 365 भागिले 7700, वर्षाला जवळपास 23 किलो. तीन वर्षांत 68. म्हणजे ताई 42 किलोची आणि आणखी दोन वर्षांनी नुसते कपडे चालत येणार. उघडच आहे की हे गणित कुठेतरी चुकतंय, तरी गंमत अशी की डाएटच्या अर्ध्या चार्टमागे हेच गणित असतं.

चूक कुठे, तर शरीर लहान झालं की त्याचा खर्चही कमी होतो. 110 किलोचं शरीर उचलून जिना चढायला जेवढी शक्ती लागते तेवढी 95 किलोला नाही लागत. तेव्हा अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत असलेले केव्हिन हॉल यांनी 2011 मध्ये हे सगळं धरून नवीन हिशोब मांडला. ढोबळ नियम असा की रोजच्या खाण्यात कायमच्या 24 कॅलरी कमी केल्या की शेवटी 1 किलो वजन कमी होतं, पण त्यातलं अर्धं व्हायला सुमारे एक वर्ष आणि जवळपास सगळं व्हायला तीन वर्षं. म्हणजे 480 कॅलरीचे शेवटी 20 किलो, त्यातले 10 पहिल्या वर्षात, पुढच्या दोन वर्षांत 9 च्या आसपास. आलेख सरळ खाली जात नाही, घसरगुंडीसारखा आधी उभा आणि मग आडवा होत जातो. ताई तिच्या घसरगुंडीच्या आडव्या भागावर बसून रडत होती. तिने खाणं वाढवलं नव्हतं, बँड सुटला नव्हता, आलेखच तसा असतो.

आणि पहिले काही किलो तर थोडे फसवेच असतात. शरीर थोडी साखर ग्लायकोजेन म्हणून साठवतं आणि त्याच्या दर ग्रॅमबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतं. खाणं कमी झालं की हा साठा आधी संपतो, पाणी जातं, काटा पळतो, आपण पेढे वाटतो. नंतर खरी चरबी जायला लागते तेव्हा काटा हळू होतो. उलटंही होतं, एक दिवस लोणचं-पापड जास्त झालं, पाळी जवळ आली, की किलो-दीड किलो पाणी वाढून दिसतं. त्यामुळे रोजच्या आकड्यावर मूड ठरवायचा म्हणजे शेअर बाजार दर पाच मिनिटांनी बघण्यासारखं आहे. ताईला मी म्हटलं तू आठवड्यातून एकदाच वजन कर, चार आठवड्यांची सरासरी काढ. तिने काटा पलंगाखाली ढकलला, सरासरी काही काढली नाही, असो.

बरं ही चरबी जाते कुठे? घामातून, असं सगळे सांगतात. 2014 मध्ये सिडनीच्या दोन शास्त्रज्ञांनी हिशोब करून दाखवला की 10 किलो चरबी जळली तर 8.4 किलो कार्बन डायऑक्साइड होऊन श्वासातून बाहेर पडते आणि 1.6 किलोचं पाणी होतं. म्हणजे ताईचे 15 किलो बहुतेक मेलबर्नच्या हवेत गेले. हे सांगितल्यावर ती पहिल्यांदा हसली.

भुकेचा मुद्दा राहिलाच. वजन कमी झालं की शरीराला वाटतं दुष्काळ पडला. मेलबर्नच्याच एका टीमने 2011 मध्ये 50 जाड लोकांना दहा आठवडे अगदी कमी कॅलरीच्या आहारावर ठेवलं, आणि वर्षभरानंतर तपासलं तरी पोट भरल्याचे हार्मोन कमी, भुकेचं घ्रेलिन जास्त, आणि लोक स्वतःच सांगत होते की आधीपेक्षा भूक जास्त लागते. एक वर्षानंतर! डाएट सोडणाऱ्यांना आपण आळशी म्हणतो, पण ते बिचारे रोज स्वतःच्या मेंदूशी कुस्ती खेळत असतात. बँडचा खरा उपयोग इथे आहे, तो या कुस्तीत तुमच्या बाजूने एक पहिलवान उभा करतो. त्यामुळे "वजन महिनाभर तिथेच आहे" हेसुद्धा 15 किलो उतरल्यानंतर बरंच काही असतं, कारण नुसत्या डाएटवर असताना याच टप्प्यावर ताईचं वजन तीनदा परत वर गेलं होतं.

पण आशा ठेवायची म्हणजे डोळे मिटून नाही, हे मला मुद्दाम लिहायचंय कारण बँडचं पुढे काय झालं तेही खरं सांगायला हवं. ओब्रायन यांच्या टीमने 2013 मध्ये 3227 पेशंटचा हिशोब छापला. 15 वर्षांनंतर लोकांनी जादा वजनाच्या, म्हणजे उंचीला योग्य असतं त्याच्या वर जेवढं असेल त्याच्या, 47 टक्के वजन कमी ठेवलेलं होतं. ताईच्या उंचीला जादा वजन 42 किलो धरलं तर हे होतात 20 किलो, पंधरा वर्षं टिकलेले. चांगलंच आहे. पण त्याच अभ्यासात 26 टक्के लोकांना बँडच्या वरचा जठराचा भाग फुगला म्हणून परत ऑपरेशन करावं लागलं, आणि 5.6 टक्के लोकांचा बँड काढूनच टाकला. इतर ठिकाणचे काही आकडे यापेक्षा बरेच वाईट आहेत, म्हणूनच जगभर बँड मागे पडला आणि आता जठर कापून बारीक करणारी स्लीव्ह सर्जरी जास्त होते. तरी ज्यांच्या पोटात बँड आहे त्यांना तो सांभाळायचाच आहे.

म्हणून काटा थांबला की "अजून आवळा" म्हणून हट्ट करायचा नाही. मेलबर्नचे डॉक्टर पिवळा, हिरवा, लाल असे तीन पट्टे सांगतात. सारखी भूक लागते, घास मोठे जातात, तो पिवळा, थोडं सलाईन घालायला हवं. थोडक्यात पोट भरतं आणि काही तास भूक नाही, तो हिरवा. आणि खाल्लेलं वर येतं, रात्री झोपेत खोकला, छातीत जळजळ, पोळी-भाजी उतरतच नाही, तो लाल, म्हणजे बँड जास्त घट्ट झालाय किंवा सरकलाय, तिथे धीर धरायचा नाही तर लगेच डॉक्टरांकडे जायचं. सततच्या उलट्या तर अंगावर काढायच्याच नाहीत. लाल पट्ट्यात वजनही उतरत नाही बरं का, कारण भाकरी अडकते पण आमरस, श्रीखंड, आईस्क्रीम सुळकन खाली जातं, आणि भुकेला माणूस जे जातं तेच खातो.

मग बघायचं काय? कंबर बघा, बीपी बघा, HbA1c ज्याला आपण तीन महिन्यांची साखर म्हणतो ती बघा. 2008 मध्ये डिक्सन यांनी नुकताच डायबेटीस झालेल्या 60 जणांवर अभ्यास केला, निम्म्यांना बँड, निम्म्यांना नेहमीचे उपचार. दोन वर्षांनी बँडवाल्या 30 पैकी 22 जणांची साखर औषधाशिवाय काबूत, दुसऱ्या गटात 30 पैकी 4. आपल्या लोकांना तर हे जास्तच लागू, कारण आपली चरबी पोटात आणि आतल्या अवयवांभोवती जास्त साठते. पुण्याच्या केईएममधले डॉ. याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज सहकारी यांचा एक फोटो 2004 मध्ये प्रसिद्ध झाला होता, दोघांचाही बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा) 22.3, पण अंगातली चरबी इंग्रजाची 9 टक्के आणि आपल्या डॉक्टरांची 21. काट्याने हे कधीच दाखवलं नसतं.

आणि गुडघे. गुडघेदुखीच्या पेशंटवर 2005 मध्ये झालेल्या एका अभ्यासात दिसलं की 1 किलो वजन कमी झालं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे 4 किलोंनी कमी होतो. ताईचे 15 किलो म्हणजे पावलागणिक 60 किलो. हे तिला फोनवर सांगितलं तेव्हा ती थोडा वेळ गप्प झाली आणि म्हणाली, "म्हणून जिन्यात हल्ली कठडा धरत नाही मी."

दोन वर्षांनी ती 89 वर आली, मग कधी 88, कधी 90. गेल्या होळीला इकडे आली होती, आईने पंगत जमिनीवर मांडली होती, आणि ताई मांडी घालून बसली, कुणाचा हात न धरता. एक पुरणपोळी घेतली, एकेक घास चावत पंचवीस मिनिटं लावली, आम्ही सगळे हात धुवून आलो तरी हिचं चालूच. अर्ध्यावर थांबली आणि ताट सरकवून म्हणाली पोट भरलं गं. उरलेली अर्धी मी खाल्ली.