टाकाऊ वस्तूंपासून बालहस्तकला

घरात वापरून झालेल्या वस्तू (पुठ्ठ्याची खोकी, रद्दी, चिंध्या, बाटल्यांची झाकणे, दोऱ्याची रिकामी रिळे इ.) मुलांच्या हस्तकलेसाठी साधनद्रव्य म्हणून वापरण्याची पद्धती. ‘टाकाऊतून टिकाऊ’ या नावाने ती सर्वपरिचित आहे.

उगम : या पद्धतीचा प्रारंभ कोठून मानावा, याविषयी एकमत नाही. अनेक प्राचीन वसतिस्थानांच्या उत्खननांत फुटक्या मडक्यांची खापरे घासून केलेल्या गोल चकत्या सापडतात. काही अभ्यासक त्यांना खेळातील सोंगट्या मानतात, तर काही वजने किंवा झाकणे. त्यामुळे मुलांच्या कारागिरीचा पुरावा म्हणून त्यांचा दाखला देताना सावधगिरी हवी. शिक्षणेतिहासात सामान्यतः जर्मन शिक्षणतज्ञ फ्रीड्रिख फ्रबेल यांच्यापासून सुरुवात केली जाते. १८३७ मध्ये त्यांनी बाट ब्लांकेनबुर्ख येथे बालकांसाठी संस्था काढली. त्यांच्या ‘व्यवसायां’त (मुलांनी हातांनी करावयाच्या कृतींत) कागदाच्या घड्या, पट्ट्यांचे विणकाम आणि भिजवलेल्या वाटाण्यांत काड्या खोचून सांगाडे करणे यांचा समावेश होतो, वाटाणा वाळला की सांधा घट्ट होतो. तथापि ही साधने मुद्दाम तयार करून ठराविक क्रमाने मुलांच्या हाती दिली जात. वस्तूच्या पुनर्वापराचा विचार त्यामागे नव्हता.

डॅनिश उद्यानरचनाकार सी. टी. सॉरेन्सन यांनी १९३१ च्या सुमारास भंगार सामानाच्या क्रीडांगणाची कल्पना मांडली आणि १९४३ मध्ये कोपनहेगनजवळ एम्ड्रुप येथे ती प्रत्यक्षात आली. तेथे मुले फळकुटे व विटा घेऊन स्वतःच बांधकामे करीत. ब्रिटिश शिल्पकार सायमन निकल्सन यांनी १९७१ मधील लेखात ‘सुट्या भागां’चा सिद्धांत मांडला : परिसरात हलवता-जोडता येण्याजोग्या वस्तू जितक्या अधिक, तितका कल्पकतेला वाव अधिक. प्रस्तुत पद्धतीचे वैचारिक मूळ फ्रबेल यांच्यापेक्षा या परंपरेत शोधणे अधिक सयुक्तिक वाटते. शिक्षकाचा तयार नमुना पाहून सर्व मुलांनी एकसारखी वस्तू केली, तर साहित्य टाकाऊ असूनही पद्धतीचा गाभा हरवतो.

भारतात विज्ञान-खेळणी तयार करणारे अरविंद गुप्ता यांनी होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमात (प्रारंभ १९७२) काम करताना सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे व आगपेटीच्या काड्या यांपासून सांगाडे विकसित केले. काडीचे गूल खरवडून टाकतात आणि तुकड्याच्या दोन तोंडांतून दोन काड्या खोचतात. रबरामुळे सांधा वाकतो, पण सुटत नाही. असा चौकोन बोटाने दाबताच तिरका होतो, त्रिकोण मात्र हलत नाही. वाटाण्याच्या सांध्याशी असलेले याचे साम्य लक्षणीय आहे.

साहित्याचे गुणधर्म : वर्तमानपत्राचा कागद तंतूंच्या दिशेने सरळ फाटतो, आडवा फाडल्यास वाकडातिकडा जातो. खळीचे थर देताना कापलेल्या पट्ट्यांपेक्षा फाडलेल्या पट्ट्या चांगल्या, कारण त्यांच्या विरळ कडा एकमेकींत मिसळतात आणि शिवण दिसत नाही. पन्हळी पुठ्ठा पन्हळींना समांतर सहज दुमडतो. आडवा दुमडायचा असल्यास संपलेल्या बॉलपेनने आधी रेघ दाबून घ्यावी लागते. खांब करताना पन्हळी उभ्या ठेवल्यास तो जास्त भार पेलतो. दूध व पेयांच्या खोक्यांना पॉलिएथिलिनचा (एक प्लॅस्टिक) लेप असल्याने त्यांवर पाण्यातील डिंक टिकत नाही. तेथे खाचा पाडून जोडणेच योग्य. द्रावकयुक्त गोंदाने थर्मोकोल विरघळतो. चिंध्यांचे तंत्र शिवणकामाचेच असते.

सुरक्षितता : तीन वर्षांखालील मुलांच्या हाती द्यायच्या वस्तूंसाठी ३१·७ मिमी. व्यासाच्या चाचणी-नळीचा निकष प्रचलित आहे. तीत मावणारे झाकण किंवा बटण घशात अडकू शकते. औषधांचे व कीटकनाशकांचे डबे, जुना रंग सुटणारे लाकूड (त्यात शिसे असू शकते) आणि चकत्यांसारखे बॅटरी-सेल वर्ज्य समजावेत. औष्णिक छपाईच्या (उष्णतेने अक्षरे उमटणाऱ्या) पावत्यांवर बहुधा बिस्फेनॉल वर्गातील, आरोग्यास अपायकारक मानल्या जाणाऱ्या रसायनांचा लेप असतो. म्हणून कागदाच्या लगद्यात त्या मिसळू नयेत.