मॅक्रो ते फंक्शन ते मेथड : जीडीबीतल्या एका जुन्या नावामागची गोष्ट

नांदेडला आमच्या शनिवारच्या अभ्यासगटात अंतिम वर्षाची पोरं जीडीबीचा, म्हणजे प्रोग्राममधल्या चुका शोधायच्या डीबगरचा, सोर्सकोड वाचतात. मशीनवर उबुंटू 22.04 आहे, म्हणून वाचायला घेतलाय तो जीडीबी 12. परवा एकीने विचारलं, "सर, 'व्हॅल्यू एलव्हॅल' मॅक्रो आतून ज्या फंक्शनला बोलावतो त्याच्या नावात 'डेप्रिकेटेड' पण आहे अन् 'हॅक' पण. मग ते अजून ठेवलंय कशाला?" 'डेप्रिकेटेड' म्हणजे नकोसं ठरवलेलं, 'हॅक' म्हणजे जुगाड. तिच्या प्रश्नाचं मूळ 2004-05 मध्ये आहे.

त्याआधीचं थोडक्यात. मॅक्रो म्हणजे कंपाइल होण्याआधी जागच्या जागी उलगडून बसणारा मजकूर. जीडीबी प्रोग्राममधलं मूल्य 'व्हॅल्यू' स्ट्रक्चरमध्ये ठेवतो आणि त्याचा प्रकार 'टाइप' स्ट्रक्चरमध्ये. 1986 मध्ये जीडीबी सुरू झाला तेव्हा स्ट्रक्चरमधल्या फील्डपर्यंत (एकेका कप्प्यापर्यंत) पोचायला मॅक्रो हाच सोपा रस्ता होता. फंक्शन बोलावल्या जागीच उलगडून बसवायची 'इनलाइन' सोय सीच्या प्रमाणभाषेत आली तीच सी99 मध्ये. मॅक्रोंनी कामही चोख केलं. 2002 मध्ये 'टाइप' स्ट्रक्चरमधला सामायिक भाग 'मेन टाइप' म्हणून वेगळा काढला, तेव्हा 'टाइप कोड' मॅक्रोची व्याख्या बदलून भागलं; वापरणाऱ्या ओळी जिथल्या तिथे राहिल्या. मॅक्रो म्हणजे निव्वळ गबाळेपणा, असं म्हणणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं.

खोट होती ती वेगळीच. 'व्हॅल्यू कंटेंट्स' हे नाव वाचून वाटतं की फील्डच आहे. पण व्हॅल्यू 'लेझी' असेल, म्हणजे प्रोग्रामच्या मेमरीतून अजून आणलेली नसेल, तर हा मॅक्रो आधी ती आणायचा आणि मग बफर हातात द्यायचा. कंसात एकदा लिहिलेलं एक्स्प्रेशन विस्तारात अनेकदा उमटायचं, ते वेगळंच. त्यात गंमत अशी की जीडीबीनेच जीडीबी डीबग करायला बसलं तर साध्या '-जी'ने बांधलेल्या बायनरीत मॅक्रोंचा पत्ताच नसतो, त्यासाठी '-जी3' लागतं. आणि फंक्शनवर ब्रेकपॉइंट लावता येतो, मॅक्रोवर कुठे लावणार?

शिवाय मॅक्रो उलगडला की सरळ फील्डच समोर येतं, म्हणून तो बरोबरच्या चिन्हाच्या डावीकडेही चालतो. वाचणारा कोण आणि लिहिणारा कोण, हे ग्रेप करून (सोर्समध्ये शब्द शोधून) कळत नाही. सातबाऱ्याचा उतारा कोणीही काढावा, पण नोंद बदलायची तर फेरफारच करावा लागतो. इथे मात्र वहीच चावडीवर उघडी पडलेली, येईल त्याने खाडाखोड करावी.

2004 च्या अखेरीस 'व्हॅल्यू टाइप' मॅक्रोच्या जागी त्याच नावाचं फंक्शन आलं. मोठी अक्षरं जाऊन छोटी आली, डोळ्याला दिसणारा फरक एवढाच. देवनागरीत तर तोही दिसत नाही. 2005 च्या सुरुवातीला 'व्हॅल्यू' स्ट्रक्चरची व्याख्या सगळ्यांना दिसणाऱ्या हेडर फाइलीतून उचलून एका सी फाइलीत नेली. त्यानंतर बाहेरच्या फाइलींत व्हॅल्यूचा फक्त पॉइंटर उरला. आत हात घातला की कंपायलरच हटकणार. पण 'व्हॅल्यू एलव्हॅल'सारख्या काही मॅक्रोंतून लिहिणं चालूच ठेवावं लागलं. त्यासाठी अशी युक्ती केली, की फंक्शनने फील्डचा पत्ता परत द्यायचा आणि मॅक्रोने त्यापुढे तारका लावायची. वापरणाऱ्याला टोचावं म्हणून नाव ठेवलं 'डेप्रिकेटेड व्हॅल्यू एलव्हॅल हॅक'.

या 'डेप्रिकेटेड'पाशी थांबायला हवं, कारण खरा वाद त्याचाच होता. त्या वर्षांत असा पायंडा पडला होता की जुना इंटरफेस नकोसा झाला की तो काढण्याआधी त्याच्या नावालाच हा शब्द जोडायचा, तोही जिथे जिथे वापर आहे तिथे सगळीकडे. बाजूने बोलणारे म्हणत, नवखा माणूस चुकून त्या वाटेला जाणार नाही आणि किती काम उरलंय ते ग्रेपने मोजता येईल. विरोधकांचं म्हणणं असं की यात वागणूक काडीची बदलत नाही, पण ढीगभर ओळी बदलतात, बाहेर सांभाळलेले पॅच (बदलांच्या फाइली) बसेनासे होतात, आणि काही वेळा तर पर्याय तयार नसतानाच जुन्याला बाद ठरवलं जातं. शब्दाचा अर्थही दोघांचा वेगळा : एकासाठी 'नव्याने वापरू नका', दुसऱ्यासाठी 'लवकरच काढणार'. आमची पोरं वहीत 'कालबाह्य' लिहितात, तेही बरोबर नाही. कालबाह्य वस्तू बंद पडलेली असते, ही रोज चालते. मराठवाड्यात जमिनीच्या कामाला आजही 1954 च्या खासरा पाहणी पत्रकाची नक्कल मागतात, तसं काहीसं. मला विरोधकांचं जास्त पटतं. नावात लाज घातली म्हणून काम कोणी उरकत नाही. काही दिवसांनी ते नाव वाचणाऱ्याच्या डोळ्यांना सवयीचं होतं.

पुढचा टप्पा भाषा बदलल्यामुळे आला. 2016 मधला जीडीबी 7.12 मुळातच सी++ कंपायलरने बांधला जाऊ लागला, आणि 2017 च्या 8.0 पासून सी++11 सक्तीचं झालं. मे 2020 मध्ये 'टाइप' स्ट्रक्चरच्या मॅक्रोंवर कुऱ्हाड पडली, आणि यावेळची रीत मला फार आवडली. आधी मॅक्रो तसाच ठेवून त्याच्या आत नवी वाचणारी मेथड (स्ट्रक्चरचंच स्वतःचं फंक्शन) बसवायची. झालं, डावीकडचा वापर कंपाइलच होत नाही! म्हणजे लिहिणाऱ्या सगळ्या जागा कंपायलरच शोधून देतो. तिथे 'सेट कोड'सारखी लिहिणारी मेथड बसवायची आणि पुढच्या पॅचमध्ये मॅक्रो पुसून टाकायचा. कोणाला लाजवायची गरज नाही. 'टाइप लेंग्थ'ची पाळी 2022 मध्ये आली.

फेब्रुवारी 2023 मध्ये व्हॅल्यूची फंक्शनंही मेथड झाली. 2004 मध्ये मॅक्रोचं फंक्शन झालेलं 'व्हॅल्यू टाइप' आता नुसतं 'टाइप' उरलं. तो हॅकही त्या लाटेत मेथड झाला. त्याच्या नावातून 'व्हॅल्यू' गळालं. 'डेप्रिकेटेड' तेव्हाही तसंच राहिलं.