ओशनियाची सतरा वर्षांखालील मुलींची बास्केटबॉल स्पर्धा: कोण खेळू शकतं, कागद कोणते लागतात

ऑकलंडमध्ये शनिवारी सकाळी शाळांच्या जिममध्ये मुलींचे सामने एकामागून एक लागलेले असतात. तिथे आमच्या संघाच्या पाण्याच्या बाटल्यांपासून स्कोअरशीटपर्यंतची पडेल ती कामं मी करते. दर हंगामात कुणीतरी मराठी आई सामना संपल्यावर बाजूला घेऊन विचारते, "आपली पोरगी न्यूझीलंडकडून खेळू शकते का हो? अर्ज कुठे करायचा?" उभ्या उभ्या दोन वाक्यांत ते सांगता येत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहिते आहे. पोरीचा खेळ चांगला असूनही कागदांपायी संधी हुकणं मला फार लागतं.

आधी स्पर्धेविषयी. जागतिक बास्केटबॉल संघटना फिबाचा ओशनिया विभाग प्रशांत महासागरातल्या देशांसाठी ही स्पर्धा भरवतो. २००९ साली ती सुरू झाली तेव्हा सोळा वर्षांखालील मुलींची होती. २०१७ साली ग्वामला ती सतरा वर्षांखालील म्हणून खेळली गेली, २०१९ साली न्यू कॅलेडोनियातल्या नुमेआला, आणि २०२३ साली पापुआ न्यू गिनीच्या पोर्ट मोर्सबीला. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड ही दोन मोठी नावं. त्यांच्यासोबत सामोआ, फिजी, टोंगा, ताहिती, ग्वाम, कुक बेटं, सॉलोमन बेटं अशा देशांच्या आणि बेटांच्या संघटनाही याच विभागात येतात. काही बेटांची लोकसंख्या आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याच्या गावाएवढी आहे, तरी बारा मुलींचा संघ उभा करायचा तर तिथेही हेच नियम आणि हेच कागद. इथे पुढे आलेल्या संघांना आशियाच्या अठरा वर्षांखालील स्पर्धेची वाट मोकळी होते. ती स्पर्धा २०२२ साली बेंगळुरूला झाली होती आणि ऑस्ट्रेलियाच्या मुलींनी जिंकली होती.

<b>अर्ज कोण करतं</b>

खेळाडूनं किंवा पालकांनी फिबाकडे अर्ज करायची सोयच नाही. संघाची नोंदणी फक्त त्या त्या देशाची राष्ट्रीय संघटना करते. न्यूझीलंडमध्ये ती बास्केटबॉल न्यूझीलंड, फिजीत बास्केटबॉल फिजी. वाट नेहमीची आहे: शाळा किंवा क्लब, मग विभागाचा संघ, मग निवड चाचणी आणि शिबिर. शिबिरातून संघटना आधी मोठी यादी करते आणि शेवटी बारा नावं ठरतात. म्हणजे "अर्ज" म्हणायचा तर तो निवड चाचणीच्या नोंदणीचा. बेटांवरच्या छोट्या संघटना ऑकलंड, सिडनी, ब्रिस्बेनमध्ये राहणाऱ्या आपल्या मुलींसाठीही चाचण्या ठेवतात. सामोआ किंवा टोंगाच्या कुटुंबांना हे माहीत असतं. फिजीतून इथे आलेल्या भारतीय वंशाच्या घरांना ते बऱ्याचदा ठाऊकच नसतं, म्हणून मुद्दाम सांगते.

एक गल्लत सारखी होते. क्लबसाठी परदेशात खेळायला जाताना जुन्या देशाच्या संघटनेचं ना-हरकत पत्र लागतं, आणि अठराच्या आतल्या खेळाडूंवर तिथे बरीच बंधनं असतात. राष्ट्रीय संघात निवड होण्याचा नियम त्याहून वेगळा, तो नागरिकत्वाचा. एका क्लबच्या कुणीतरी सांगितलं म्हणून ना-हरकत पत्रासाठी दोन महिने खेटे घालणारे पालक मी पाहिलेत. त्या कागदाची त्यांना गरजच नव्हती.

<b>वय</b>

वय जन्मवर्षावरून मोजतात. सतरा वर्षांखालील स्पर्धा ज्या वर्षी असेल त्यातून सतरा वजा करा. त्या वर्षाच्या १ जानेवारीला किंवा त्यानंतर जन्मलेली मुलगी चालते. २०१७ च्या ग्वामच्या स्पर्धेसाठी म्हणूनच १ जानेवारी २००० ही तारीख होती. ३१ डिसेंबर १९९९ चा जन्म असेल तर एका दिवसासाठीही सूट नाही. कमी वयाच्या मुलीला वरच्या गटात खेळवता येतं, पण जास्त वयाच्या मुलीला खालच्या गटात कुठल्याही कारणानं घेत नाहीत.

याचा एक परिणाम पटकन लक्षात येत नाही. जानेवारी-फेब्रुवारीत जन्मलेली मुलगी स्पर्धेच्या दिवशी सतरा पूर्ण केलेली असते, आणि त्याच संघातली नोव्हेंबरची मुलगी अजून सोळाची. दोघी एकाच गटात बसतात, पण नियमांच्या दृष्टीनं त्यांची परिस्थिती सारखी नसते. ते पुढे सतराव्या वाढदिवसापाशी सांगते.

<b>पासपोर्ट आणि सोळावा वाढदिवस</b>

घरच्यांनी सगळ्यात जास्त लक्ष द्यायचं ते इथेच. ज्या देशाकडून खेळायचं त्याचं कायदेशीर नागरिकत्व हवं, आणि पुरावा म्हणून चालू मुदतीचा पासपोर्ट हवा. कायम वास्तव्याचा परवाना, दहा वर्षांचं शालेय शिक्षण, क्लबच्या पाच हंगामांचा अनुभव, यातलं काहीही पासपोर्टच्या जागी चालत नाही.

त्यातही नागरिकत्व कधी मिळालं याला महत्त्व आहे. वयाची सोळा वर्षं पूर्ण झाल्यानंतर ज्यांना त्या देशाचं नागरिकत्व मिळालं, अशांपैकी एकच खेळाडू संघात घेता येते. बारा जणींत फक्त एक. मग प्रशिक्षक ती एक जागा सहसा सर्वात उंच किंवा सर्वात अनुभवी मुलीला देतात, आणि बाकीच्यांचा खेळ कितीही चांगला असला तरी त्या बाहेर राहतात. जन्मानं हक्क होता, पण कागद सोळानंतर काढले, अशांनाही हाच नियम लागतो. अमेरिकेच्या एनबीए या व्यावसायिक लीगमधला जॉर्डन क्लार्कसन आईकडून फिलिपिनो, तरीही २०२३ च्या विश्वचषकात फिलिपिन्सकडून खेळताना त्याला त्या एकाच राखीव जागेतून खेळावं लागलं. एवढ्या मोठ्या खेळाडूला सूट मिळाली नाही, तर आपल्या मुलींना कुठून मिळणार?

न्यूझीलंडमधल्या मराठी घरांनी आपला हिशेब असा करावा. मुलीचा जन्म इथला असेल तर "ती इथलीच" असं गृहीत धरू नका. १ जानेवारी २००६ पासून इथे जन्मलेलं बाळ आपोआप नागरिक होतं ते आई-वडिलांपैकी एक जण तरी जन्माच्या वेळी नागरिक असेल किंवा त्याला कायम राहण्याचा हक्क असेल तरच. तेव्हा तुम्ही दोघेही कामाच्या व्हिसावर असाल, तर मुलीला नागरिकत्व अर्ज करून घ्यावं लागेल. त्यासाठी पाच वर्षांत किमान १३५० दिवस आणि त्यातल्या प्रत्येक वर्षी किमान २४० दिवस न्यूझीलंडमध्ये असायला हवं. आजी-आजोबांकडे पुण्याला तीन-चार महिने राहून आलेल्या वर्षी हा २४० चा आकडा काठावर येतो, तेव्हा प्रवासाच्या तारखा कॅलेंडरवर मांडून एकदा मोजाच. चौदा किंवा त्याहून मोठ्या मुलांना नागरिकत्व समारंभात शपथ घ्यावी लागते. अर्ज मंजूर झाला म्हणून निर्धास्त होऊ नका. समारंभाची तारीख येईपर्यंत काही महिने सहज जातात. म्हणून मुलगी तेरा-चौदाची असतानाच अर्ज टाका. पंधरा उलटल्यावर धावपळ सुरू केली की सोळावा वाढदिवस समारंभाच्या आधी येऊन ठेपतो.

ऑस्ट्रेलियातल्या घरांना थोडा वेगळा कायदा आहे. तिथे जन्मलेल्या मुलीचे आई किंवा वडील नागरिक वा कायमचे रहिवासी असतील तर ती जन्मतःच नागरिक. नसतील, पण पहिली दहा वर्षं ती तिथेच वाढली असेल, तर दहाव्या वाढदिवसाला नागरिक होते.

ज्या मुलीला एकाच राखीव जागेतून घ्यायचं आहे तिच्यासाठी पासपोर्टवर भागत नाही. ती त्या देशात किती वर्षं राहिली, तिथल्या स्पर्धांत किती हंगाम खेळली, त्या देशाशी तिचं नातं काय, हे फिबा बघते. शाळेचे दाखले आणि क्लबच्या नोंदी यासाठी जपून ठेवा.

<b>एक पासपोर्ट, अनेक बेटं</b>

प्रशांतात एक गुंता असा आहे जो आपल्याकडे समजावून सांगायला वेळ लागतो. ग्वाम आणि उत्तर मारियाना बेटांचे लोक अमेरिकेचे नागरिक, अमेरिकन सामोआचे लोकही अमेरिकेचाच पासपोर्ट बाळगतात, पण तिन्ही बेटांच्या बास्केटबॉल संघटना स्वतंत्र. ताहिती आणि न्यू कॅलेडोनियाकडे फ्रान्सचा पासपोर्ट, कुक बेटांकडे न्यूझीलंडचा. अशा ठिकाणी पासपोर्टवरून मुलगी नेमक्या कोणत्या बेटाची ते कळत नाही. मग जन्मदाखला, आई-वडिलांचं मूळ, वास्तव्याचे पुरावे जोडून त्या बेटाशी नातं दाखवावं लागतं. आजीचा जन्मदाखला शोधायला तिकडच्या नोंदणी कार्यालयात पत्रं पाठवणारी कुटुंबं मी पाहिली आहेत. आपल्याकडे जातपडताळणीसाठी पणजोबांचा दाखला शोधणाऱ्यांना ही दगदग चांगली माहीत असेल.

<b>सतरावा वाढदिवस</b>

दोन नागरिकत्वं असलेल्या मुलीला कुठल्या देशाकडून खेळायचं ते निवडता येतं. निवड लेखी कळवावी लागते. सामोआ, टोंगा आणि फिजी दुहेरी नागरिकत्व मान्य करतात (फिजीत २००९ पासून), त्यामुळे ऑकलंडमध्ये वाढलेल्या अनेक मुलींपुढे खरोखर दोन दारं उघडी असतात. पण सतरा पूर्ण झाल्यावर फिबाच्या मुख्य अधिकृत स्पर्धेत एका देशाचा गणवेश घातला की दुसरं दार बंद. अपवाद फार क्वचित, तेही फिबाच्या सरचिटणीसांच्या परवानगीनं. आता मघाचं आठवा: फेब्रुवारीत जन्मलेली मुलगी ऑगस्टच्या स्पर्धेत एक सामना खेळली तरी तिचा देश कायमचा ठरतो, नोव्हेंबरात जन्मलेल्या तिच्या मैत्रिणीचा नाही. निवड झाल्याच्या आनंदात सही करण्याआधी घरात बसून यावर बोला, आणि मुलीला त्यात बोलू द्या. पुढची पंधरा वर्षं तिला खेळायचं आहे.

भारताबद्दलही मला विचारतात. भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही. दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की भारतीय पासपोर्ट जमा करावा लागतो. भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांसाठीचं ओसीआय कार्ड मिळतं, पण ते नागरिकत्व नव्हे. आणि २००८ पासून केंद्र सरकारचं धोरण असं आहे की भारताच्या राष्ट्रीय संघातून फक्त भारतीय नागरिकच खेळू शकतात. त्यामुळे न्यूझीलंडचा पासपोर्ट घेतलेल्या मुलीला भारताच्या संघाची वाट उरत नाही. हे कटू आहे, पण आधी माहीत असलेलं बरं.

<b>फाइलमध्ये काय ठेवायचं</b>

मूळ पासपोर्ट, स्पर्धा संपल्यानंतर किमान सहा महिने मुदत उरलेला. जन्मदाखला. नागरिकत्वाचं प्रमाणपत्र, असेल तर. डॉक्टरांचा तपासणी अहवाल. अल्पवयीन असल्यानं आई-वडील दोघांच्या सह्यांचं संमतीपत्र, प्रवासासाठी वेगळं आणि स्पर्धेसाठी वेगळं. विमा. यजमान देशाचा व्हिसा: ग्वामला न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया, पापुआ न्यू गिनी आणि नाउरूच्या पासपोर्टवर व्हिसामाफी आहे, पण फिजी, सामोआ, टोंगाच्या पासपोर्टवर नाही, त्यांना अमेरिकेचा व्हिसा काढावा लागतो. त्यामुळे संघ एकच असला तरी तयारीला लागणारा वेळ देशागणिक बदलतो.

मराठी घरांत अडतं ते नावापाशी. आपण मुलीचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव असं लिहितो. इथल्या शाळेत वडिलांचं नाव गळतं, पासपोर्टवर ते मधल्या नावात जातं, क्लबच्या नोंदीत नुसतं लाडाचं नाव असतं. एका मुलीच्या तीन कागदांवर तीन नावं मी स्वतः पाहिली आहेत, आणि तिच्या आईनं ती एक अक्षर इकडे, एक तिकडे अशी पेन्सिलनं गोल करून दाखवली होती. यादीत नाव पासपोर्टवर आहे अगदी तसंच, त्याच स्पेलिंगनं द्या. भारतात जन्म झालेला असेल तर महापालिकेचा दाखला काढून बघा. रुग्णालयातून गेलेल्या नोंदीत बाळाच्या नावाचा रकाना अनेकदा कोराच राहिलेला असतो. नाव घालून घेण्यासाठी नियमात पंधरा वर्षांची मुदत आहे. दाखला परदेशी कार्यालयात द्यायचा तर परराष्ट्र मंत्रालयाची अपोस्टिल (कागद खरा असल्याची परदेशात चालणारी खूण) आणि, दाखला फक्त मराठीत असेल तर, प्रमाणित भाषांतर लागतं.

औषधांचाही एक कागद असतो. उत्तेजक चाचणी अल्पवयीन मुलींचीही होऊ शकते. दम्याचा साल्ब्युटामॉल इनहेलर चालतो, पण चोवीस तासांत १६०० मायक्रोग्रॅम आणि आठ तासांत ६०० मायक्रोग्रॅम ही मर्यादा. टर्ब्युटालिनचा इनहेलर आणि स्पर्धेच्या काळात पोटात घ्यायच्या स्टेरॉइड गोळ्या मात्र परवानगीशिवाय चालत नाहीत. मुलीला दमा असेल तर निवड होण्याची वाट न बघता डॉक्टरांना इनहेलरवरचं औषधाचं नाव विचारा आणि उपचारासाठीच्या सवलतीचा अर्ज संघटनेमार्फत वेळेत करा.

<b>शेवटची रात्र</b>

पहिल्या सामन्याआधी तांत्रिक बैठक होते. संघाच्या व्यवस्थापक बाई चेन लावलेली पारदर्शक पिशवी टेबलावर ठेवतात. बारा पासपोर्ट, यादीच्या क्रमानं, फोटोच्या पानावर रबरबँड लावून उघडे. समोरचे अधिकारी एकेक उचलतात, नाव, जन्मतारीख, क्रमांक यादीशी ताडून बघतात आणि खूण करतात. झेरॉक्स चालत नाही, मोबाइलमधला फोटो चालत नाही. इथे बारा नावं नक्की झाली की स्पर्धा संपेपर्यंत ती बदलत नाहीत. म्हणून घरातून निघताना पासपोर्ट मुलीच्या बॅगेत टाकू नका, व्यवस्थापक बाईंच्या हातात द्या.